धामणीवरचा आळ

आमच्या मळ्यातल्या घराला कुंपण असं नव्हतंच. पुढे अक्काची बाग, मागे विहीर, विहिरीपलीकडे केळी, आणि केळीपलीकडे कापूस, तो थेट सातपुड्याची निळी रेघ सुरू होईपर्यंत. शिरपूरची बस आमच्या फाट्यावर दिवसातून दोनदा थांबायची आणि तिचा हॉर्न ऐकून आई भाकरी टाकायला घ्यायची, कारण घरात घड्याळ होतं पण त्याला किल्ली द्यायची आठवण कुणालाच नसायची. बाग म्हटल्यावर कुणी फुलांचे वाफे डोळ्यांसमोर आणू नयेत. अक्का लावायची ते सगळं पोटात जाणारं. वांगी, गिलकी, मिरच्या, शेवगा, गोडलिंब, दोन पेरू, आणि एक लिंबू, ज्याने आयुष्यात कधी फळ धरलं नाही पण अक्काने त्याला तोडूही दिलं नाही. फूल म्हणून काय ती एक गुलबक्षी, तीही आपली आपण उगवलेली.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. वडिलांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. तेही तिला अक्का म्हणत, आईही अक्का म्हणे, आणि मीही. तिचं खरं नाव मला शाळेच्या दाखल्याच्या वयात कधीतरी कळलं आणि ते दुसऱ्याच कुणा बाईचं असावं असं वाटलं. पहाटेचं दळण, बागेला पाणी, म्हशीचं दूध आणि मी, एवढ्या चार गोष्टी घरात तिच्या मानल्या जात. आईला माझ्यामागे दोन मुलं जाऊन मग धाकटा झाला होता आणि ती त्या झोळीतल्या बाळापाशी गुंतलेली असे. माझी वेणी अक्का घाले, ताटात पहिला घास अक्का कालवे, आणि मी खोटं बोलत नाही हे जगाला सांगायचं कामही तिचंच. का कुणास ठाऊक, पण ते तिचं ठाम मत होतं. शेजारच्या मळ्यातल्या बायांना ती अभिमानाने सांगायची, "मन्ही सुमी खोटं नही बोलस." मी त्या वेळी दहा-अकरा वर्षांची असेन, आणि खोटं बोलायची मला फारशी वेळच आली नव्हती, एवढंच त्यातलं खरं.

घराला कुंपण नसल्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्यांना आडकाठी नव्हती. सकाळी मोर यायचे, लांडोरी मागे ठेवून स्वतः पुढे, आणि अक्काच्या कोवळ्या मिरच्या खुडायचे. मिरची खाऊन त्यांचा आवाज तसा झाला, असं भाऊ म्हणत. न्हाणीचं पाणी जिथे झिरपायचं तिथे दुपारच्या उन्हात एक घोरपड येऊन बसे, अगदी तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनासारखी, हलायची नाही. मुंगसाची जोडी होती. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत आणि बादली वर खेचताना त्यांची किलबिल आपल्यावरच रागावल्यासारखी वाटे. दिवस मावळायच्या वेळी केळफुलांवर वटवाघळं यायची. हरभऱ्यात ससे, डांगराच्या वेलांत कोल्हा. मी एकदा मोराला चोर म्हणाले तर अक्काने माझी वेणी ओढली. "चोर काय म्हनस वं? त्या आठे आधीपाईन शेत. आपन मांगेन ऊनूत." ते इथे आधीचे, आपण मागून आलेलो, तेव्हा त्यांनी काय खाऊ नये असं आपल्याला वाटत असेल ते आपण झाकून ठेवायचं, हा तिचा नियम. त्यामुळे आमच्या बागेत अर्धी रोपं नेहमी पाटीखाली असत.

या सगळ्यांत अक्काची मर्जी होती ती धामणीवर. स्वयंपाकघराच्या मागे पऱ्हाट्यांचा ढीग असे. कापूस वेचून झाला की वाळलेली झाडं उपटून आणायची, ते वर्षाचं जळण. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत ज्याने खाल्लं नाही त्याला मी काय सांगणार. वांग्याची साल तडकण्याचा आवाज, हिरवी मिरची आणि लसूण ठेचल्याचा ठसका, आणि बरोबर कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची, काळपट, जाड. आता मी धुळ्यात गॅसवर वांगं भाजते, ते भाजतं, पण त्याला तो वास येत नाही. तर त्या ढिगात धामण राहत होती. आठ हात तरी असेल. पिवळसर तपकिरी अंग, आणि चालणं असं की तिला कुठे जायचंय हे तिला पक्कं माहीत आहे. सकाळी ऊन वर आलं की ती ढिगातून निघे, मोरीच्या कडेने गोठ्याकडे जाई आणि कडब्याच्या गंजीत शिरे. ती होती म्हणून आमच्या शेंगांच्या पोत्यांना उंदीर लागत नव्हते. आई तिला पाहिलं की बाळाला उचलून आत जायची, पण तीसुद्धा ओरडायची नाही. पऱ्हाट्या काढताना अक्का आधी ढिगावर काठी आपटायची आणि म्हणायची, "सरक माय, सैपाक करनं शे."

आमचा सालदार भिका नाना मात्र धामणीच्या नावाने बोटं मोडायचा. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने राहिलेला गडी, पण भिका नाना भाऊंपेक्षा वयाने मोठा आणि घरात त्याचा शब्द होता. सगळ्या खानदेशाला ठाऊक असलेली गोष्ट तो मला गव्हाणीवर बसून सांगायचा, की धामण म्हशीचं दूध पिते. "पायले येढा मारस, थानले तोंड लावस. म्हैस हालस भी नही." तो हाताने वेढा करून दाखवायचा आणि मला खरंच माझ्या पोटऱ्यांभोवती काही गुंडाळल्यासारखं वाटायचं. अक्का दूध काढता काढता हसायची. "पेवाले व्हट लागतस, भिका. तिले व्हट शेत का?" मीही अक्काच्या बाजूने हसायची. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. धामण दूध पीत नाही हे मला माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात आमची म्हैस चांदी व्याली आणि पारडू झालं ते नर. कपाळावर आईसारखाच पांढरा ठिपका, कान मोठे, आणि पाय चार दिशांना चाललेले. मादी पारडू झालं असतं तर त्याच्या गळ्यात घुंगरू बांधलं असतं. नराला कुणी विचारत नाही. शेतीला बैल लागतो, हेल्याचं काय करायचं? दूध काढायच्या आधी चांदीने पान्हा सोडावा म्हणून त्याला घटकाभर लावायचं, दोन घोट झाले की ओढून खुंट्याला बांधायचं, हीच रीत. त्याला मारायचं असं कुणी म्हणत नाही. फक्त पाजत नाहीत. अक्का त्याला ताक आणि कण्या पाजायची, पण त्याने पोट भरत नव्हतं, आणि त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. मी त्याचं नाव बारक्या ठेवलं. नाव ठेवू नये, असं अक्काने मला सांगितलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं.

दुपारी जेवणं झाली की घर आडवं व्हायचं. भाऊ ओट्यावर, आई झोळीपाशी, अक्का चुलीजवळ ओल्या फरशीवर, भिका नाना कडुलिंबाखाली. फक्त पिंगळा शेवग्यावर जागा असायचा आणि डोळे वटारून माझ्याकडे बघायचा. मी गोठ्यात जायची आणि बारक्याला सोडायची. तो धडपडत आईपाशी जायचा, ढुशी द्यायचा, आणि असा प्यायचा की त्याची शेपटी गरगर फिरायची. तोंडाला फेस यायचा. चांदी त्याला चाटत राहायची. भिका नाना उठायच्या आत मी त्याला पुन्हा बांधायची, तोंड पुसायची आणि काहीच झालं नाही अशी येऊन अक्काच्या पाठीशी झोपायची. सात-आठ दिवस हे चाललं. त्या आठवड्यात बारक्या उड्या मारायला शिकला. मी आजवर जी काही चांगली कामं केली असतील ती मोजायला बसले तर हे पहिलं येईल, आणि दुर्दैव असं की ते मला पुरं करता आलं नाही.

संध्याकाळची चरवी भरेना. आधी गळ्यापर्यंत येणारं दूध खांद्याशी थांबू लागलं. दूध काढायची अक्का, त्यामुळे पाहायचं तिच्याकडे. आई तशी वाईट नव्हती, पण तिच्या कडेवर बाळ होतं आणि घरात नणंद होती. अक्का अधूनमधून गावातल्या पिंजाऱ्याच्या घरी ताक नेऊन द्यायची. हमीदाबी तिची लहानपणची मैत्रीण, आमच्या सगळ्या गाद्या तिच्या नवऱ्याने पिंजलेल्या, आणि त्या दिवसांत ती आजारी होती. एका संध्याकाळी आई चरवीत वाकून बघत म्हणाली, "अक्का, दूध कमी दिसी ऱ्हायनं. जास तरी कोठे?" एवढंच. आवाजही चढवला नाही. पण अक्काच्या हातातलं फडकं थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपल्या चहात दूध घातलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गुळाचा काळा चहा घेऊन ती बागेत वांग्यांपाशी पाठ करून बसायची, आणि हमीदाबीकडे जाणं तिने बंद केलं. मला सगळं समजत होतं. दहा वर्षांच्या मुलीला काय कळतं असं लोक म्हणतात ना, त्यांना मी सांगते, सगळं कळतं.

मी ठरवलं होतं सांगायचं. दोनदा तोंड उघडलं. पण सांगितलं की बारक्याचं दुपारचं दूध तुटणार, हे नक्की होतं, आणि भाऊंचा हात चालायचा हेही खरं. मग एका सकाळी भाऊंनी ओट्यावरूनच विषय मिटवायला घेतला. अक्काकडे न बघता म्हणाले, "उद्यापाईन दूध भिका काढी." अक्का चरवी घेऊन उभी होती. तिने ती हळूच खाली ठेवली, जशी दुसऱ्याची वस्तू ठेवतात. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "भाऊ, दूध धामन पेस. मी देखं."

सगळे माझ्याकडे वळले. मग मी थांबले नाही. भिका नानाची सगळी गोष्ट मी त्याच्याचसमोर सांगितली, मागच्या पायांना वेढा, थानाला तोंड, चांदी गप्प उभी. वेढा हाताने करूनही दाखवला. भिका नानाचा चेहरा असा खुलला की जणू जन्मभराचा दावा जिंकला. अक्का माझ्यासमोर खाली बसली, माझे खांदे धरले आणि विचारलं, "सुमे, सोता देखं का?" तिचे डोळे माझ्या डोळ्यांपासून वीतभर होते. मी म्हणाले, "सोताना डोयाघाई." जिने जन्मभर ही गोष्ट हसण्यावारी नेली होती, तिने माझ्यासाठी आपली समजूत सोडली. उठून भाऊंना म्हणाली, "मंग खरं शे. मन्ही पोर खोटं नही बोलस."

पऱ्हाट्यांचा ढीग त्यांनी जुडी जुडी करून उपसला. भाऊ एका बाजूने, भिका नाना दुसऱ्या. अक्काने माझा हात धरून ठेवला होता. मी मनात म्हणत होते की ती आज गंजीत गेलेली असू दे. पण ऊन नुकतंच वर येत होतं, आणि तिची ती निघायचीच वेळ. ती बाहेर आली, आणि पळायचं सोडून रोजच्याच वाटेने, मोरीच्या कडेने, आमच्या पायांसमोरून निघाली. तिला त्या घरात कुणी कधी मारलं नव्हतं. पहिल्या काठीने ती वळली, दुसरीनंतर तिने तोंड उघडलं, पण चावायला ती कुणाच्या अंगावर आली नाही. पुढचं मला लिहायचं नाही. तिच्या पोटात मध्यभागी फुगवटा होता. भिका नाना म्हणाला, दूध दाखवतो, आणि त्याने विळ्याने पोट फाडलं. आत उंदीर होता. अर्धवट विरघळलेला, पण उंदीरच, शेपटीसकट. सगळे बघत राहिले. भिका नाना डोकं खाजवत म्हणाला, "दूध जिरी गयं व्हई." भाऊंनी मान हलवली. अक्काने मात्र त्या उंदराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्या वेळी मी बोलले असते तर धामण परत आली नसती, पण निदान पुढचं टळलं असतं. मी चपलेने माती उकरत राहिले. अक्काने भिका नानाकडून तिला गावाबाहेर फेकू दिलं नाही. नागाला देतात तसा तिने त्याच पऱ्हाट्यांचा अग्नी दिला, बाभळीखाली. त्या रात्री चूल पेटली नाही, दुपारचे वाफवलेल्या डाळीचे फुणके होते ते कढीशी खाल्ले. मी खाल्ले. भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर आडवं झालं आणि मी सवयीने गोठ्याच्या दारापर्यंत गेले. बारक्या मला पाहून दोरी ताणून उभा राहिला. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसले आहे. आज त्याला सोडलं तर चरवी पुन्हा कमी भरणार, आणि धामण तर मेली. मग दूध कोण पितं? मी दारातूनच परत फिरले. तो ओरडत होता, पारडाचं ओरडणं असतंच किती मोठं, पण मी अक्काच्या पाठीशी येऊन पडले आणि कानावर गोधडी घेतली. संध्याकाळी चरवी गळ्यापर्यंत भरली. आई हसली, भाऊ म्हणाले, "देखं?" भिका नानाने मला आपल्या हाताने गुळाचा खडा दिला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने स्वतः उठून अक्काच्या चहात दूध ओतलं, नको म्हणेपर्यंत ओतलं. अक्काने कप तोंडाला लावला आणि माझ्याकडे बघून हसली. मी तिला वाचवलं असं तिला वाटत होतं, आणि तसं पाहिलं तर मी वाचवलंही होतं. त्या गुळाच्या खड्याची चव अजून गेली नाही.

बारक्या पंधरा दिवसांनी गेला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर होती. गावात कडुलिंबांना झोके बांधून झाले होते, सासुरवाशिणी आल्या होत्या, घरोघर खापरावर मांडे चालले होते. तो सकाळी उठलाच नाही. कुणाला फारसं काही वाटलं नाही, हेला तो, असाच जायचा. पण चांदी त्याच्याशिवाय पान्हा सोडेना. मग अशा वेळी करतात तेच केलं. बारक्याचं कातडं काढून वाळवलं, आत भुसा भरला, शिवलं, आणि चार काटक्यांवर उभं करून म्हशीपुढे ठेवलं. ते तोल जाऊन पडायचं, म्हणून कुणीतरी धरायला हवं होतं. आई म्हणाली, "सुमीले धरू द्या. तिले लई लळा व्हता त्याना." रोज सकाळ-संध्याकाळ मी ते भुशाचं पारडू धरून चांदीपुढे बसायची. कपाळावरचा पांढरा ठिपका तसाच होता. चांदी ते हुंगायची, चाटायची, चाटता चाटता तिची जीभ माझ्या हातावरून फिरायची, आणि मागे चरवीत दुधाच्या धारा वाजायच्या. अक्का धारा काढता काढता गुणगुणायची. मी खाली मान घालून बसायची. त्या वर्षी मी झोक्यावर बसले नाही, पोटात दुखतं म्हणून सांगितलं. आता एकदा सुरुवात झाली होती, मग ते सोपं गेलं.

पावसाळ्यात उंदरांनी बियाण्याच्या शेंगांची पोती फोडली. अक्काने पोती उलटी करून फोलपटं बघितली आणि म्हणाली, "राखनदार गयी ना." दूध पिणारी होती तरी राखणदार होती, असं तिने दोन्ही मनात ठेवलं होतं. मोर, घोरपड, मुंगसं येतच राहिली. पण त्यानंतर अक्का कोणत्याही सापाला "सरक माय" म्हणाली नाही. साप दिसला की ती भिका नानाला हाक मारायची. आणि मळ्यात जो कुणी येई त्याला ती सांगायची, की आधी ती स्वतःही हसायची, पण "मन्ही सुमीनी सोताना डोयाघाई देखेल शे." पंचक्रोशीत अक्काच्या शब्दाला मान होता. भिका नानाच्या तोंडून जी गोष्ट गप्पा होती, ती तिच्या तोंडून साक्ष झाली. त्या साक्षीवर आसपासच्या मळ्यांत किती धामणी मारल्या गेल्या असतील, याचा विचार मी करत नाही असं म्हणाले तर तेही खोटंच ठरेल.

मी शिकले आणि धुळ्याला शाळेत मास्तरीण झाले. विषय विज्ञान. दर वर्षी फळ्यावर सापाचं तोंड काढून मुलांना समजावलं की साप दूध पीत नाही, त्याला ओढता येत नाही. कारणे द्या, दोन गुण. मुलं बरोबर लिहायची, मी बरोबरची खूण करायची, आणि सुट्टीत मळ्यात गेले की अक्का कुणाला तरी तीच गोष्ट सांगत असायची आणि मी पाणी प्यायला म्हणून आत जायची. तिच्या शेवटच्या आजारात मी दहा दिवस तिच्याजवळ होते. दुपारी घर तसंच आडवं व्हायचं. ती माझा हात धरून पडलेली असायची. तेव्हा तर भाऊही नव्हते, मार बसायचा नव्हता, बारक्याही नव्हता. तरी मी सांगितलं नाही. तिला त्रास कशाला, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे माझ्याविषयी एवढं चांगलं मत असलेलं जगात ते एकच माणूस होतं आणि मला ते गमवायचं नव्हतं.

आता मळ्यात माझ्या त्या झोळीतल्या भावाचा मुलगा नितीन राहतो. घर पक्कं झालं आहे, पऱ्हाट्यांचा ढीग नाही, अंगणात पेव्हर बसवले आहेत. अक्काची बाग थोडी आहे, ते लिंबू आहे. मोर मोटारसायकलच्या आरशात बघून भांडतात. या उन्हाळ्यात मी चार दिवस गेले होते, तर गोठ्यातल्या जर्सी गाईजवळ धामण निघाली. आता कुणी काठी उचलत नाही, एवढं बरं झालं आहे. नितीनने शिरपूरच्या सर्पमित्राला फोन केला. त्या मुलाने अलगद तिला धरलं, सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाला की बिनविषारी आहे, शेताला उपयोगाची, इथेच सोडू का? नितीनची बायको वैशाली लगेच म्हणाली, "नको दादा, गाईचं दूध पिते ती. आमच्या फुईंनी स्वतः पाहिलेलं आहे." फुई म्हणजे आत्या, म्हणजे मी. सगळे माझ्याकडे वळले. अगदी तसेच.

मी म्हणाले, "मी पाहिलं नव्हतं. मी खोटं बोलले होते. दूध पारडू पीत होतं, मीच पाजत होते." सर्पमित्र हसला, त्याला बहुतेक वाटलं मी त्याची बाजू घेते आहे. नितीन प्रेमाने म्हणाला, "फुई, तू तव्हय ल्हानी व्हती. इसरी गयी व्हशी. अक्का सांगे ना आमले. अक्का काय खोटं बोलाव का?" मी म्हणाले, नाही, अक्का नाही. पण तोवर सर्पमित्राच्या बरणीचं झाकण लागलं होतं. धामण सातपुड्यात सोडायला नेली. माझं खोटं ज्यांनी एका दमात मानलं, त्यांच्याच घरात माझं खरं कुणी मानलं नाही, आणि त्यांचा राग कुठल्या तोंडाने करायचा?

त्या संध्याकाळी मी गोठ्यात गेले. जर्सीचं वासरू गोऱ्हा होतं, नरच. आखूड दोरीला बांधलेलं, बरगड्या दिसत होत्या. आता ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्ह्यालाही कोण विचारतं? घर जागं होतं, नितीन ओट्यावर फोनवर बोलत होता, मुलं अंगणात खेळत होती. मी सगळ्यांदेखत दोरी सोडली. तो पोटभर प्याला, शेपटी गरगर फिरली, तोंडाला फेस आला. मी ते पुसलं नाही. थोड्या वेळाने वैशालीने दूध काढलं, बादलीत वाकून पाहिलं आणि मला म्हणाली, "फुई, आज दूध कमी कसं?"

"मी पाजलं," मी म्हणाले. "गोऱ्ह्याला."

"बरं," ती म्हणाली, आणि बादली उचलून आत गेली.

मी दोरीचं टोक हातात धरून तिथेच उभी राहिले. अक्काही बहुतेक एवढंच म्हणाली असती.